सरांची फियाट सोलायला घेतलीय!

"अहो काकू, कळलं का? कोपऱ्यावरच्या सरांनी फियाट सोलायला घेतली."

"सोलायला म्हणजे?" काकूंची मेथी निवडायची थांबली. कासारवाडीत कंपाउंडच्या भिंतीवरून बातमी द्यायची तर अर्धीच द्यावी. पूर्ण दिली की समोरचा माणूस भाजी निवडत राहतो.

"सोलायला म्हणजे सोलायलाच. टपावरचं कॅरिअर उतरवलं, पुढचा बंपर गार्ड काढला, पडदे गेले, सीटची कव्हरं गेली. काल संध्याकाळी नातू तोंडात स्क्रू धरून डॅशबोर्डवरचा पंखा सोडवत होता."

"विकतायत का काय?"

"छे हो. व्हिंटेज नंबर घ्यायचाय म्हणे."

काकूंचे अण्णा एरवी आमच्या गप्पांत पडत नाहीत. कुणाची सून माहेरी गेली, कुणी पिंपळे सौदागरला फ्लॅट बुक केला, त्यांना सोयरसुतक नसतं. तीसेक वर्षं टूलरूममध्ये काढलेला माणूस, कामापुरतं बोलतो. पण बंपर गार्ड म्हटल्याबरोबर ते बनियनवरच बाहेर आले.

"कुठला गार्ड? तो दुहेरी पाइपचा? तो मी वाकवलाय."

आता हे मला नवीन होतं. काकूंना नसावं, कारण त्यांनी लगेच मेथी पुन्हा हातात घेतली.

अण्णा सांगायला लागले. त्या काळी पाइप वाकवायला भोसरीतल्या एका मित्राची शेड होती. पाइप नुसताच वाकवला तर वळणावर चपटा होतो. म्हणून आत बारीक वाळू ठासायची, दोन्ही तोंडांना लाकडी खुंट्या मारायच्या आणि मग तापवून हळूहळू ओढायचा. वाळू आधी कढईत भाजून कोरडी करायची. ओल राहिली तर आत वाफ कोंडते आणि खुंटी उडून कुणाच्या तरी कपाळात बसते. "कढई कुणाची होती, ते विचार त्यांना," काकू म्हणाल्या. अण्णांनी ते ऐकलं नाही. वाकवलेला गार्ड मग प्लेटिंगवाल्याकडे जायचा. आधी बफिंग, मग तांब्याचा थर, त्यावर निकेल आणि सगळ्यात वर क्रोमचा पातळ मुलामा. "लोक क्रोमची चमक बघतात. गंज थोपवतो निकेल. प्लेटिंगवाल्यानं निकेलला हात आखडता घेतला की दुसऱ्या पावसाळ्यात फोड आलेच. सरांच्या गार्डाला आजवर एक फोड नाही, बघून या."

बघून आलेच होते मी. नाही फोड.

या पट्ट्यातलं हे बाहेरच्यांना कळत नाही. तेव्हा पिंपरीत टेल्को, आकुर्डीत बजाज आणि बजाज टेम्पो, भोसरी एमआयडीसीत त्यांना पार्ट पुरवणारी शेकडो छोटी वर्कशॉपं. दिवसभर कंपनीसाठी मायक्रोमीटर लावून काम करणारी माणसं संध्याकाळी शेजाऱ्याच्या गाडीला कॅरिअर वेल्ड करून द्यायची. कंपनीचा भोंगा झाला की खरी हौस सुरू. पुण्यातल्या पेठेत जे विकत मिळायचं, ते आमच्याकडे शेडमध्ये तयार व्हायचं, आणि पैशांच्या बदल्यात बहुतेक वेळा चहाच असायचा.

"पण काढतायत कशासाठी? एवढं मन लावून बसवलेलं?" काकूंचा प्रश्न रास्त होता.

नातवानं मला मोबाइलवर नियम दाखवला होता, म्हणून मीच सांगितलं. जुलै 2021 मध्ये केंद्र सरकारनं व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी काढली. पहिल्या नोंदणीला 50 वर्षं उलटलेली, मूळ रूपात राखलेली, धंद्यासाठी न वापरलेली गाडी हवी. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येतं. फी वीस हजार, मुदत दहा वर्षं. सरांची गाडी 1974 ची. त्याच वर्षी प्रीमियर कंपनीनं ‘प्रेसिडेंट’ हे नाव सोडून ‘पद्मिनी’ ठेवलं. आपण सगळे तरीही फियाटच म्हणत राहिलो ते सोडा. म्हणजे गाडी पन्नाशी पार. नातू म्हणतो, वरचं सगळं सामान काढून गाडी कंपनीतून आली तशी करायची.

"कंपनीतून आली तशी?" अण्णा हसले. "कंपनीतून काय यायचं? चार चाकं, एक स्टिअरिंग आणि नवस फेडल्याचं समाधान. डावीकडचा आरसासुद्धा नसायचा. रेडिओ नाही, पंखा नाही, सीटला धड कव्हर नाही. गाडी घरी आल्यावर बनायची."

हे शंभर टक्के खरं, आणि माझ्या मते सगळी गोम यातच आहे. गाडी मिळत नव्हती, मिळाली की तिच्यात काही नसायचं, आणि ती पुढची वीस वर्षं बदलणार नसायची. मग माणूस तिला नटवेल नाही तर काय करेल? 

आमच्या चेतकचंच बघा. 1972 ला बजाजनं चेतक काढली आणि पुढं कित्येकांनी नंबर लावून दहा-दहा वर्षं वाट पाहिली. डॉलरमध्ये पैसे भरले की लवकर मिळायची, त्यामुळे एरवी कधी न आठवणारा अमेरिकेतला मेहुणा स्कूटर बुक करायच्या वेळी हटकून आठवायचा. आकुर्डीचा कारखाना इथून हाकेच्या अंतरावर, रोज सकाळी त्याच्या बस आमच्या दारावरून जायच्या, आणि तिथं बनणाऱ्या स्कूटरसाठी आम्ही वर्षानुवर्षं पोस्टमनकडे डोळे लावून बसायचो. स्कूटर आली की पहिली फेरी सारसबागेत तळ्यातल्या गणपतीला. दुसरी फेरी नाना पेठेत.

नाना पेठेत मात्र आमच्या ह्यांचं भान सुटायचं. पुढची काच, पायाखालचं रबरी मॅट, लेग शील्डच्या कडेला चकचकीत पट्टी, हँडलच्या मुठींना लोंबत्या झिरमिळ्या, मागच्या स्टेपनीला रेक्झिनचं गोल कव्हर आणि त्यावर मोठ्या मुलीचं नाव. धाकटीचं नाव घालायला जागा उरली नाही म्हणून डिकीवर स्टिकर. दुकानदार एकेक वस्तू काउंटरवर ठेवायचा आणि हे "हे पण लावा" म्हणायचे. दिवाळीच्या बोनसचा निम्मा हिस्सा तिथंच. मी मागितली होती फक्त पुढची बास्केट, भाजीसाठी. ती सगळ्यात शेवटी आली, पुढच्या वर्षी.

"तुमची चेतक सकाळी कधी एका किकमध्ये सुरू झाली का?" काकूंनी विचारलं.

झाली नाही. आडवी करून, पेट्रोल कार्बोरेटरपर्यंत पोचवून, मग पुन्हा किक. पण झिरमिळ्या एकदाही निखळल्या नाहीत, हे मान्य करायला हवं.

स्कूटरला साडी अडकायची भीती कमी. मोटरसायकलवाल्यांना साडी गार्ड लागायचा. ह्या सगळ्या सामानसुमानात कायद्यानं बायकांची आठवण ठेवली ती एवढ्याच ठिकाणी. मोटरसायकलचं मागचं चाक निम्मं तरी झाकलेलं हवं, मागं बसणाऱ्याला धरायला आणि पाय ठेवायला सोय हवी, हा नियम आजही आहे. आता पोरं शोरूममधून बाहेर पडली की पहिलं तेच उपटून टाकतात. गाडीचा लुक जातो म्हणे.

"लुक!" अण्णा म्हणाले. बराच वेळ पुढं काहीच बोलले नाहीत.

काकूंना मात्र आता उत्साह आला होता. सरांच्या फियाटचे पडदे त्यांनीच शिवलेले. सरांच्या मिसेसनी जुन्या रेशमी साडीचा पदर आणून दिला होता. मागच्या काचेला पूर्ण पडदा, बाजूच्या काचांना चुण्या घालून, वर-खाली बारीक स्प्रिंगच्या तारेत ओवलेले. स्प्रिंग काचेपेक्षा चार बोटं आखूड कापायची म्हणजे ताणून बसते, नाहीतर खड्ड्यात गाडी गेली की पडदा लोंबतो. डॅशबोर्डवर क्रोशाचा रुमाल, त्यावर गणपती, गणपतीच्या डोक्यावर लाल दिवा. ब्रेक दाबला की गणपतीचा दिवा लागायचा. ब्रेकच्या दिव्याची वायर फाडून तिथं जोडलेली. "वायरिंग कुणी केलं?" मी विचारलं. काकूंनी नुसती मान अण्णांकडे वळवली.

आणि हो, पुढं बंपरला बांधलेली कॅनव्हासची छागल! एक्सप्रेस वे तेव्हा नव्हता. मुंबईला जायचं ते ह्याच आपल्या दारावरच्या रस्त्यानं, खंडाळ्याचा घाट उतरून. परत येताना घाटात निम्म्या फियाट बॉनेट उघडून वाफा सोडत उभ्या. छागलीतलं पाणी झिरपून, वाऱ्यानं थंडगार झालेलं असायचं. आधी माणसं प्यायची, उरलेलं रेडिएटरला. सरांचा क्रम उलटा होता असं त्यांच्या मिसेस सांगायच्या.

टेपची गोष्ट तर सांगायलाच हवी. आधी गाडीत रेडिओ, आणि रेडिओ म्हटलं की त्या काळी पोस्टातून लायसन. ऐंशीच्या दशकात लायसन गेलं आणि कॅसेट आली. मागच्या काचेखाली फळी, फळीत दोन लांबट ओव्हल स्पीकर, आवाजाबरोबर नाचणाऱ्या हिरव्या-लाल दिव्यांचा इक्वलायझर. चोऱ्या एवढ्या व्हायच्या की टेपला वरून एक कडी असायची. कडी ओढली की अख्खा टेप खाचेतून बाहेर. सर चिंचवडला एका लग्नाला गेले तेव्हा टेप काखेत धरून पंगतीत बसले होते. वाढपी आला, सरांनी टेप मांडीवर घेतला, आणि मठ्ठा त्या टेपवर सांडला. त्यानंतर त्या टेपमधून फक्त एका बाजूचं गाणं वाजायचं. दुसऱ्या बाजूला नुसता वाद्यवृंद.

"1994 ला सुमो आली आणि सगळं बिघडलं," अण्णांचा निकाल. माझं मत थोडं वेगळं आहे. बिघडलं नाही, वाढलं. सुमो इथलीच, पुण्याच्या कारखान्यातली. मागं शिडी, बाजूला पायरी, टपावर रेलिंग, स्टेपनीच्या कव्हरवर वाघाचं तोंड. घरगुती शेडमधलं काम कमी झालं आणि दुकानातलं तयार सामान आलं. नाशिक फाट्यावर चाकण-राजगुरुनगरची वडाप उभी असायची, तिच्यात रात्री निळ्या दिव्यांची एवढी रोषणाई की लग्नाची वरात निघालीय का काय वाटावं. आणि तो रिव्हर्स हॉर्न! आमच्या गल्लीत सकाळी सहाला एक गाडी मागं घेतली जायची, ‘टायटॅनिक’च्या सुरात. जहाज बुडायला जेवढा वेळ लागला तेवढाच वेळ त्या गाडीला गल्लीतून निघायला लागायचा. एकामागून एक वेगळे सूर काढणारा हॉर्न गाडीला लावायचा नाही असं 1989 च्या वाहन नियमांत लिहिलेलं आहे. आम्ही वाचलं तेव्हा ती गाडी भंगारात गेली होती.

मग बंदी यायला लागली. एप्रिल 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं काळ्या फिल्मा काढायला लावल्या. काचेतून पुढं-मागं 70 टक्के आणि बाजूनं 50 टक्के उजेड आरपार जायला हवा, तोही काचेतूनच, वर काही चिकटवून नाही, असा तेव्हाचा आदेश होता. चौकाचौकात पोलीस ब्लेड घेऊन उभे. आमच्या ह्यांनी माझ्या केस वाळवायच्या मशीननं फिल्म गरम करून सोलली. फिल्म आली, गोंद राहिला. तो गोंद रॉकेल आणि जुन्या बनियननं पुसायला अख्खा रविवार गेला, मशीन तेवढ्यात जळलं. डिसेंबर 2017 मध्ये बंपर गार्डांवर गदा आली. रस्ते मंत्रालयानं राज्यांना लिहिलं, हे बसवू देऊ नका. कारण असं की धडकेचा मार पुढच्या भागानं चुरगळून खायचा असतो. मध्ये लोखंडी पाइप आला की तो मार थेट सांगाड्यात जातो, एअरबॅगच्या सेन्सरचाही हिशेब चुकतो. पायी चालणाऱ्याचे तर हाल विचारू नका.

"फियाटला कुठं एअरबॅग होती?" अण्णा.

"पण समोर चालणारा माणूस होता ना, अण्णा?"

ते गप्प बसले. हे मी मुद्दाम म्हटलं. जुनं ते सगळं सोनं म्हणायची आपल्याकडे खोड आहे. त्या गार्डाचं निकेल कितीही चोख असो, तो गुडघ्याला लागला तर गुडघा जायचा. गणपतीचा दिवा ब्रेकच्या वायरवर होता, काळ्या काचेमागून रात्री ड्रायव्हरलाच दिसत नव्हतं. बंद झालं ते बरंच झालं, असं यातल्या निम्म्या गोष्टींबद्दल मी आजही म्हणेन. उरलेल्या निम्म्यांचं वाईट वाटतं.

वरच्या मजल्यावरच्या पोरानं परवाच नवी गाडी आणली. स्वतः चाकणला नोकरीला. पेढे द्यायला आला तेव्हा अण्णांनी विचारलं, "मग काय काय बसवलंस?" पोरगा गोंधळला. "काही नाही काका, सगळं आतच आहे." चारी बाजूंचे कॅमेरे, सहा एअरबॅगा, मोठा पडदा, आपोआप उजळणारे दिवे. "एक वायर जरी कापली तर वॉरंटी जाते म्हणाले." त्यानं आणलं ते फक्त पायाखालचं मॅट, तेही कंपनीचंच. अण्णा गाडीभोवती दोन फेऱ्या मारून आले. काच पुसली, टायर दाबून पाहिला. हात घालावा अशी जागाच त्यांना सापडली नाही. शेवटी काकूंनी लिंबू-मिरची दिली बांधायला. पोरानं आभार मानले आणि विचारलं, "सेन्सरसमोर येणार नाही ना?"

आकुर्डीच्या चेतकचंही तसंच. जुनी स्कूटर बंद झाली, परत आली विजेवर चालणारी होऊन. 2022 च्या जूनमध्ये तिच्यासाठी आकुर्डीतच नवा कारखाना सुरू झाला. पत्रा आहे, आवाज नाही. झिरमिळ्या लावायला मुठी आहेत, पण लावणारा कोण?

आता मूळ बातमीवर येते, कारण काकूंना मी अजून अर्धीच सांगितली होती.

"नातू एवढं सोलतोय खरं, पण नंबर मिळायचा नाही," मी म्हटलं.

"का?"

"इंजिन."

अण्णांनी कपाळावर हात मारला. त्यांना आठवलं. नव्वदच्या दशकात सर दर शनिवारी साताऱ्याला जायचे, पेट्रोल परवडेना. तेव्हा अनेकांनी केलं तेच सरांनी केलं. मूळचं 1089 सीसीचं पेट्रोल इंजिन काढून गॅरेजमध्ये डिझेल इंजिन बसवून घेतलं, आरटीओत कागदोपत्री नोंदसुद्धा केली. कंपनीनंही पुढं 137डी नावाची डिझेल पद्मिनी काढली, पण सर तिच्या आधीच मोकळे झाले होते. सर पहाटे गाडी सुरू करायचे तेव्हा पिठाच्या गिरणीसारखा आवाज व्हायचा आणि अख्ख्या गल्लीला कळायचं, आज शनिवार. व्हिंटेजच्या नियमात नेमकं हेच बसत नाही: सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार केलेला नको. कॅरिअर, पडदे, पंखा याला कुणी हरकत घेतली असती असं मला तरी नियम वाचून वाटलं नाही. म्हणजे पोरानं जे ठेवलं तरी चाललं असतं ते सगळं काढलं, आणि जे अडतं ते बॉनेटखाली तसंच आहे.

"सरांना सांगितलंत का?"

"सरांना ठाऊक आहे. नातवाला नाही. सर म्हणाले, करू दे त्याला, सुट्टीत मोबाइलपासून लांब आहे."

आणि समजा नंबर मिळालाच, तरी त्या गाडीनं रोजचं जाणं-येणं करता येणार नाही. प्रदर्शनं, रॅल्या, अभ्यास, नाहीतर पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला, एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर यायची. सर तर आजही तिच्यातूनच पिंपरीच्या मंडईत जातात. भाजी आणायला व्हीए नंबर काय कामाचा?

पण नातू हट्टी आहे, आता जुनं पेट्रोल इंजिन शोधतोय. पूर्वी अण्णांनी सरळ कुदळवाडीचा रस्ता दाखवला असता. पण महापालिकेनं फेब्रुवारी 2025 मध्ये तिथली भंगाराची गोदामं पाडली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सीही 2023 च्या ऑक्टोबरात निघाली, नाहीतर तिकडं सुटे भाग मिळायचे. राहिला पुण्यातला जुना बाजार. अण्णा येत्या रविवारी जाणार आहेत, पिशवी आणि व्हर्नियर घेऊन. काढलेला बंपर गार्ड त्यांनी सरांकडून परत मागितलाय. कशाला, ते काकूंनाही सांगत नाहीत.

तेव्हा तुमच्या ओळखीत कुणाच्या गोडाऊनमध्ये, कुणाच्या बंद गॅरेजात पद्मिनीचं मूळ 1089 चं इंजिन पडून असेल तर कळवा. चालू नसलं तरी चालेल, ब्लॉक तडकलेला नको. सर वाजवी पैसे देतील. आणि त्या डॅशबोर्डवरच्या पंख्यासाठी कुणी सरांकडे जाऊ नका, तो मी आधीच मागून ठेवलाय.